रॉ की जेपेग? खान्देशातल्या उन्हात, मांडवात आणि रानात फोटो काढणाऱ्यांसाठी

कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘इमेज क्वालिटी’ नावाची एक ओळ असते. फोटो रॉ या कच्च्या फाइलीत साठवायचा की जेपेग या कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या फाइलीत, ते तिथे ठरतं. कॅमेरा घेतला त्या दिवशी तिथे एकदा काहीतरी निवडायचं आणि पुढे वर्षानुवर्षे तिकडे फिरकायचं नाही, अशी बहुतेकांची रीत आहे. ही निवड दर कामाला नव्याने करावी, असं मला मनापासून वाटतं. रॉ वापरतो तो मुरलेला आणि जेपेग वापरतो तो हौशी, हा समज जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओंपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत पसरलेला आहे. त्यापायी एकीकडे सत्कार-समारंभाच्या साध्या कामाच्याही शेकडो रॉ फाइली लॅपटॉपवर पडून राहतात आणि पार्टी फोटोंची वाट बघत बसते. दुसरीकडे मे महिन्याच्या भर उन्हात पांढरी टोपी घातलेल्या आजोबांचा फोटो जेपेगमध्ये निघतो आणि टोपीचा कापडपणा कायमचा जातो.

विचारायचा प्रश्न एकच: या फोटोचा रंग, उजेड आणि गडदपणा शटर दाबतानाच ठरवता येणार आहे, की घरी बसून ठरवावा लागणार आहे? प्रकाश कसा आहे, फोटो किती लवकर द्यायचा आहे आणि तो क्षण पुन्हा मिळणार आहे का, यावर उत्तर ठरतं. पुढचं सगळं त्यासाठीच.

कॅमेऱ्याच्या आत काय होतं

सेन्सरला, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपला, रंग दिसत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या बारीक फिल्टरांची जाळी बसवलेली असते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक ठिपक्याने मोजलेला आकडा जवळपास तसाच साठवला की झाली रॉ फाइल. कॅननमध्ये तिचं नाव सीआर२ किंवा सीआर३, निकॉनमध्ये एनईएफ, सोनीत एआरडब्ल्यू. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल), पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली तयार रंगछटा) वगैरे त्या फाइलीत नुसत्या नोंदी म्हणून असतात. आकड्यांना त्यांनी हात लावलेला नसतो.

जेपेग निवडलं की कॅमेरा हेच आकडे घेऊन क्षणात सगळं उरकतो: रंग पुरे करतो, व्हाइट बॅलन्स लावतो, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस वाढवतो, नॉइज म्हणजे चित्रातला दाणा पुसतो. मग चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा काढून टाकतो. उजेडातला फरक तो जपतो आणि रंगातला फरक बऱ्याच वेळा अर्ध्या बारकाईने ठेवतो, कारण माणसाचा डोळा रंगाच्या कडांबाबत तेवढा चोखंदळ नसतो. १९९२ पासूनचं हे मानक आजही टिकून आहे ते याच हुशारीमुळे. नीट काढलेला जेपेग बघायला आणि छापायला अजिबात कमी नसतो.

फरक पडतो तो फोटो नंतर ओढायला गेल्यावर. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिट रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटमध्ये १६,३८४. अंधारातला चेहरा तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजळायचा म्हटलं की जेपेगच्या सावलीतल्या मोजक्या पायऱ्या ताणल्या जातात आणि चित्र फाटतं. कपाळावर ठिगळं, केसांत चौकोन, आकाशात पट्टे. रॉमध्ये दाणा वाढतो, पण रंग टिकून राहतो.

पहिलं काम: आपल्याच कॅमेऱ्याची परीक्षा

दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावरचे व्हिडिओ बघून ठरवू नका. एक दुपार काढा आणि केळीच्या बागेच्या बांधावर जा. रावेर, यावल, चोपड्याकडे राहत असाल तर दूर जायचीही गरज नाही. परीक्षेसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही, कारण इथे तिन्ही अडचणी एकत्र भेटतात: डोक्यावरचं कडक ऊन, पानांखालची दाट सावली आणि पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड.

पांढरा शर्ट घातलेल्या मित्राला असं उभं करा की एक खांदा उन्हात आणि चेहरा पानांच्या सावलीत राहील. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ८, आणि क्वालिटी ‘रॉ + जेपेग’. मीटर सांगेल तो पहिला फोटो. मग फक्त शटर बदलत एक स्टॉप जास्त, दोन स्टॉप जास्त, दोन स्टॉप कमी, तीन स्टॉप कमी. शेवटी व्हाइट बॅलन्स मुद्दाम टंगस्टनवर ठेवून आणखी एक, म्हणजे सगळं निळंशार येईल.

घरी दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडा. सॉफ्टवेअरवर खर्च करायची गरज नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि सोनीचं इमेजिंग एज हे त्या-त्या कॅमेऱ्यासाठी फुकट मिळतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी तर कोणत्याही कंपनीच्या बहुतेक रॉ फाइली फुकटात उघडतात. आता बघायचं ते असं.

तीन स्टॉप कमी असलेला फोटो तीन स्टॉपने वर आणा. शर्टाच्या घडीत आणि हनुवटीखाली काय होतं ते १०० टक्के झूम करून पाहा. मग एक स्टॉप जास्त असलेला फोटो खाली आणा. रॉमध्ये उन्हातल्या खांद्याची वीण बहुधा परत येईल, जेपेगमध्ये तिथे सपाट राखाडी डाग राहील. दोन स्टॉप जास्त असलेल्या फोटोत मात्र रॉसुद्धा हात टेकण्याची शक्यता मोठी. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा: सेन्सर एकदा काठोकाठ भरला की पुढचं काही नोंदवलं जात नाही, मग फाइल कोणतीही असो. निळा फोटो रॉमध्ये एका सरकपट्टीने पूर्ववत होतो. जेपेगमध्ये निळा काढता-काढता चेहऱ्याचा लाल रंग आधीच गेलेला असतो. आणि पानांखालचा हिरवा चेहरा सुधारताना नुसतं केल्विन (निळा-पिवळा तोल) पुरत नाही, टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे न्यावा लागतो.

तुमचा कॅमेरा वर किती स्टॉप आणि खाली किती स्टॉप सावरतो ते आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ ठिपके किती, ते दाखवणारा आलेख) आणि लुकलुकणारी ओव्हर-एक्स्पोजरची सूचना या दोन्ही जेपेगवरून तयार होतात, तुम्ही फक्त रॉ काढत असलात तरी. म्हणजे सूचना लुकलुकली तरी रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असू शकते. किती, ते या परीक्षेने कळलेलं असतं. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवली तर तो हिस्टोग्राम रॉच्या जास्त जवळ जातो.

लग्न आणि हळद: इथे रॉ, यावर माझं दुमत नाही

हळदीच्या कार्यक्रमात मांडव पिवळा, कपडे पिवळे, आणि नवरीच्या अंगावर हळद. ऑटो व्हाइट बॅलन्सला ही पिवळाई उजेडाची वाटते आणि तो ती कापायला जातो. एका फ्रेममध्ये हळद फिकी आणि कातडी निळसर, पुढच्या फ्रेममध्ये हिरवी साडी नेसलेल्या मावशी आल्या की पुन्हा वेगळाच रंग. जेपेगमध्ये हे दर फोटोला वेगळं शिजून येतं. अल्बमच्या एकाच पानावर असे चार फोटो शेजारी लागले की नवरीचा रंग चार तऱ्हांचा दिसतो, आणि लोकांच्या ते लगेच नजरेत भरतं.

म्हणून क्रम असा ठेवा. हळद लागायच्या आधी नवरीच्या हातात, चेहऱ्याजवळ, ग्रे कार्ड (रंगांचा तोल मोजायचं करडं कार्ड) देऊन एक फोटो घ्या. नाजूकपणे विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. कॅमेऱ्यात केल्विन ठरवून टाका, ऑटो बंद. घरी ग्रे कार्डावर व्हाइट बॅलन्सचा ठिपका लावा आणि तोच सगळ्या फोटोंना एकदम चिकटवा. उजेड बदलला, दिवसाचा हॅलोजन झाला, की कार्ड पुन्हा.

रात्रीच्या स्टेजवर मात्र रॉवर आंधळा भरवसा नको. रंगीत एलईडीचा निळा किंवा जांभळा झोत हा जवळजवळ एकाच रंगाचा उजेड असतो. त्यात लाल नसेल तर ओठांचा लाल रंग कुठून येणार? रॉसुद्धा नसलेला रंग आणू शकत नाही. शिवाय अशा झोतात निळा चॅनल एकटाच भरून वाहतो आणि साधा हिस्टोग्राम ते दाखवत नाही. लाल-हिरवा-निळा असे तिन्ही हिस्टोग्राम वेगळे दिसतील असं सेटिंग लावा, निळा उजवीकडे धडकला की दोन-तृतीयांश स्टॉप खाली या. वरमाला पडायच्या वेळी लाइटवाल्याला साधा पांढरा उजेड ठेवायला सांगितलं तर त्याचा फायदा कोणत्याही फाइलीपेक्षा मोठा आहे.

दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर एका कार्डावर रॉ, दुसऱ्यावर जेपेग. घरच्यांना रात्रीच चार फोटो हवे असतात, ते जेपेगमधून जातात. एक कार्ड दगा देईल तर दुसरं असतं. क्षण परत मिळत नाही अशा कामाला ही दक्षता घ्यायलाच हवी.

घोडे, होळी, रानपिंगळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा धूळ, डिसेंबरचं तिरपं ऊन आणि पांढरेशुभ्र नुकरा घोडे असा सगळा मामला असतो. पांढऱ्या अंगावरचे स्नायू दिसावेत म्हणून रॉ हवा. पण घोडा नाचवतात तेव्हा सलग फोटोंची माळ लागते, आणि प्राथमिक किमतीच्या कॅमेऱ्यांचा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती आतली जागा) रॉमध्ये लवकर भरतो. कॅमेरा थबकतो आणि नेमका पुढचे दोन पाय उचललेला क्षण हुकतो. इथे तडजोड करावी. उभ्या घोड्याचे, मालकाचे, साजाचे फोटो रॉमध्ये. नाचाच्या वेळी कॉम्प्रेस्ड रॉ असेल तर तो, नसेल तर उत्तम दर्जाचा जेपेग. तेव्हा घोड्याच्या उन्हातल्या अंगावर मोजून एक्स्पोजर पक्कं करून टाका. ‘रॉ + जेपेग’ अशा वेळी बंद, कारण कॅमेऱ्याला दर फोटोला दोन फाइली लिहाव्या लागतात.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. ज्वाला डोळे दिपवणाऱ्या आणि त्यांच्या समोर नाचणाऱ्यांचे चेहरे अंधारात, मोरपिसांचे टोप निम्मे उजळलेले. एवढी तफावत जेपेगमध्ये मावत नाही. रॉमध्ये, ज्वालेचा गाभा सोडून बाकीचं नारिंगी टिकेल इतपत एक्स्पोजर धरा आणि चेहरे घरी उचला. जास्त आयएसओचा आणखी एक मुद्दा आहे. कॅमेरा जेपेगमध्ये नॉइज पुसताना कातडीचा आणि कपड्याचा पोतही पुसतो. रॉमध्ये हे काम घरी सावकाश, हवं तेवढंच करता येतं. व्हाइट बॅलन्स पूर्ण ‘दुरुस्त’ मात्र करू नका. आगीचा उजेड पांढरा केला तर होळी उरत नाही. आणि तिथे नाचणारी माणसं व्रतस्थ असतात, तेव्हा परवानगी आणि अंतर या गोष्टी कोणत्याही फॉरमॅटच्या आधी येतात.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना रॉ जपायचं आणखी एक कारण आहे. १८८४ नंतर कुणालाच खात्रीने न सापडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. सातपुड्यात, यावलच्या अभयारण्यात किंवा हतनूरच्या पाण्यावर तुम्हाला एखादा अवघड पक्षी दिसला, तर ओळख पटवताना पंखावरच्या ठिपक्यांचा खरा रंग आणि न छेडलेली फाइल यांना किंमत असते. वर्ल्ड प्रेस फोटोसारखी स्पर्धाही शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागते. रानपिंगळ्याची नेमकी जागा फोटोसोबत जाहीर करू नये, हेही इथेच सांगतो.

जिथे जेपेगच घ्यावं

बातमीचं काम असेल तर जेपेग. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरांना कळवलं होतं की कॅमेऱ्यातच तयार झालेले जेपेग पाठवा, रॉमधून बनवलेले नकोत. एक कारण वेग आणि दुसरं विश्वासार्हता. तालुक्याच्या बातमीदारालाही हीच दोन कारणं लागू आहेत.

शाळेचं गॅदरिंग, सत्कार, ढगाळ दिवशीची दिंडी, घरातला वाढदिवस, म्हणजे जिथे उजेड एकसारखा आणि फोटो शेकड्यांनी, तिथेही जेपेग. केळीच्या पानावरच्या करप्याचा फोटो कृषी विज्ञान केंद्राला दाखवायचा असेल तर रॉचा काही उपयोग नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पुन्हा दाबली जाऊन ठिपक्यांच्या कडा जातात. पान उन्हात न धरता सावलीत धरा, एवढं पुरे.

जेपेग काढायचा तर मन लावून काढा. दर्जा सगळ्यात वरचा, आकार पूर्ण. रंगाची जागा एसआरजीबी, कारण फोन, वेबसाइट आणि बहुतेक लॅब त्याच धरून चालतात. अॅडोब आरजीबी लावलेला फोटो चुकीच्या ठिकाणी उघडला की रंग मेलेले दिसतात. कॅमेऱ्यातला शार्पनेस आणि कॉन्ट्रास्ट एक पायरी खाली. उन्हात कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी, निकॉनचं अॅक्टिव्ह डी-लायटिंग किंवा सोनीचं डीआरओ चालू केलं की जेपेगलाही थोडा दम मिळतो. मूळ फाइल कधीही ओव्हरराइट करायची नाही. दर सेव्हला ती नव्याने दाबली जाते.

मधले रस्ते

कॅननचा सी-रॉ आणि इतर कंपन्यांचे लॉसी कॉम्प्रेस्ड रॉ यांत थोडा बारकावा सोडून जागा वाचवलेली असते. लग्नाच्या कामात तो फरक शोधूनही सापडत नाही. तोरणमाळच्या काळ्या आकाशात तारे काढायचे असतील आणि सावल्या खूप उचलायच्या असतील, तर लॉसलेस, म्हणजे काहीही न सोडणारा, घ्या. ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ पर्याय असेल तर ‘अनकॉम्प्रेस्ड’ कधीच नको. नुसती जागा खातो.

आयफोनमध्ये २०१७ पासून एचईआयसी आलं. फाइल लहान, दर्जा चांगला, पण गावातल्या लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडेलच असं नाही, म्हणून देताना जेपेग करून द्या. फोनमधल्या रॉबद्दल माझं मत जरा थंड आहे. आजचे फोन एका दाबात अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतात, म्हणून अंधारातला त्यांचा जेपेग चांगला दिसतो. प्रो मोडमधला डीएनजी (फोनची रॉ फाइल) बऱ्याच फोनांत एकाच फ्रेमचा असतो आणि जास्त दाणेदार येतो. आयफोनच्या प्रो मॉडेलांतला प्रोरॉ वेगळा, त्यात जोडलेल्या फ्रेमच साठवतात.

घरातली जुनी मोडी कागदपत्रं, आजोबांचे फोटो, सनदा यांची प्रत करून ठेवायची असेल तर रॉमध्ये फोटो घेऊन १६ बिट टिफ (बारकावा न गमावणारी मोठी फाइल) करून जपा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर इथे जपलेल्या हस्तलिखितांकडे पाहिलं की कळतं, पुसट शाई हीच खरी माहिती असते. ती वाचताना कॉन्ट्रास्ट खूप ओढावा लागतो. २४ मेगापिक्सेलची टिफ साधारण १४४ एमबीची होते, त्यामुळे रोजच्या कामात तिला जागा नाही.

रॉ काढल्यावर

रॉ उघडल्यावर फोटो फिका दिसतो आणि नवे लोक घाबरतात. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसला होता तो आत दडवलेला छोटा जेपेग, पिक्चर स्टाइलसकट. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल बदलून कॅमेऱ्याच्या नावाची प्रोफाइल लावा, किंवा कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. रंग बराचसा तसा येतो आणि मग हातात उरतं ते थोडंच काम.

काम करताना आधी फोटो निवडा, मग रंग. न निवडलेल्या फोटोंवर एक मिनिटही घालवू नका. क्रम व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, हायलाइट, सावली, आणि शार्पनेस शेवटी. एका उजेडातला एक फोटो नीट करून बाकीच्यांना तो लावा.

जागेचा हिशेब आधीच मांडावा. २४ मेगापिक्सेलचा उत्तम जेपेग साधारण १० एमबी आणि लॉसलेस रॉ २८ एमबीच्या आसपास धरला, तर २,००० फोटोंच्या एका लग्नाला जेपेगमध्ये २० जीबी आणि रॉमध्ये ५६ जीबी लागतात. हंगामात ३० लग्नं म्हणजे रॉचे जवळजवळ १.७ टीबी, आणि दुसऱ्या डिस्कवरची प्रत धरली तर त्याच्या दुप्पट. हा खर्च दरात धरलेला नसेल तर तो खिशातून जातो. अल्बम मंजूर झाला की नाकारलेल्या फोटोंच्या रॉ फाइली काढून टाका, निवडलेल्यांच्या ठेवा. त्यांच्या शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइली दिसल्या, तर त्या सोबतच हलवा. तुम्ही केलेली सगळी रंगाची मेहनत त्यांत लिहिलेली असते, रॉमध्ये नाही.

कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन्ही डिस्कवरच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही रॉ फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा. नुसत्या थंबनेलवर जाऊ नका, फाइल खराब असली तरी आतला जेपेग ठीक दिसू शकतो. पूर्ण झूम होऊन चित्र उघडलं, मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.